विदर्भातल्या खेड्यात राहून शेतीविषयक लेखन आणि डिजिटल मार्केटिंगचं फ्रीलान्स काम कसं सुरू करू? पहिला ग्राहक कुठे मिळेल?

पहिला ग्राहक पुण्या-मुंबईत नाही, तालुक्याच्या गावी शोधा: कृषी सेवा केंद्र, रोपवाटिका किंवा शेतकरी उत्पादक कंपनी. मी यवतमाळ जिल्ह्यातून हेच काम करतो, माझी पहिली तीन कामं अशीच आली. या लोकांकडे माल असतो, पण गूगल मॅपवर दुकान सापडत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कंपनीचं इंग्रजी पत्रक जसंच्या तसं फिरतं. जाताना हातात नमुना हवा. त्यासाठी एकच पीक धरा. कपाशी घेतली तर जूनमधली लागवड, फुलं-पात्या लागल्यावर गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून पकडणारे), दिवाळीच्या सुमारास वेचणी. प्रत्येक वेळी मिनिटभराचा व्हिडिओ आणि पाच ओळी. शेतकरी कपाशीला ‘पऱ्हाटी’ म्हणतो तिथे तुम्हीही पऱ्हाटीच लिहा, पुस्तकी मराठी कोणी वाचत नाही. पैशाचं म्हणाल तर निम्मे आगाऊ घ्या, कारण खरिपात दुकानदाराचीच रक्कम उधारीत अडकलेली असते.

एक पथ्य मात्र पाळा: कीटकनाशकाचं प्रमाण किंवा मिश्रण स्वतःच्या मनाने लिहू नका, ग्राहकाने आग्रह केला तरी. डब्यावरचं लेबल आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिफारस, एवढंच वापरा. 2017 साली आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली आहेत.