नाशिकची छाटणी पेनसिल्व्हेनियात नको

प्रश्न : ताई, मी मूळचा निफाडचा, आता पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गजवळ राहतो. घरामागे चार-पाच वेली लावून घरच्यापुरती वाईन करायची इच्छा आहे. गावाकडून थॉमसनच्या काड्या आणू का? छाटणी आपल्यासारखी एप्रिल-ऑक्टोबरला करायची का? कायद्याची काही अडचण?

उत्तर : काड्या आणू नका, हे सगळ्यात आधी. काडीतून रोग येतात, म्हणून परदेशातली द्राक्षाची काडी परवानगीशिवाय अमेरिकेत आणता येत नाही. शिवाय थॉमसन तुमच्याकडच्या थंडीत तग धरायची नाही, आणि ते खायचं द्राक्ष; त्याची वाईन मिळमिळीत होते. इथल्याच रोपवाटिकेतून शांबोर्सिन हे वाईनचं द्राक्ष घ्या. माझ्या परसात तेच आहे. मणी काळेभोर, रंग गडद आणि थंडीला बऱ्यापैकी काटक. थंडी फार कडक पडत असेल तर मिनेसोटा विद्यापीठाने काढलेलं ‘मार्केट’ (Marquette) हे वाण घ्या. कॉन्कर्ड हे अमेरिकी द्राक्ष वाढवायला सोपं, पण त्यात साखर कमी. जॅम आणि रसासाठी मात्र मला त्याच्यासारखं दुसरं नाही.

आता छाटणी. मी पिंपळगावची, त्यामुळे तुमचा प्रश्न अगदी ओळखीचा वाटला. नाशिकचा हिवाळा वेलीला झोपवण्याइतका कडक नसतो, म्हणून आपण तिला दोनदा छाटतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडी तयार होते आणि तिच्या डोळ्यांत, म्हणजे कोंब फुटायच्या जागी, घड बसतो. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर तोच घड बाहेर पडतो. इथे पुढच्या वर्षीचे घड उन्हाळ्यातच काडीच्या डोळ्यांत बसतात आणि विश्रांतीचं काम थंडी करते. ऑक्टोबरला कात्री लावलीत तर काडी पक्की होण्याआधीच वेल उघडी पडेल. तेव्हा छाटणी एकदाच, फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये, आणि हात आखडता न घेता. गेल्या वर्षीच्या वाढीतला नव्वद टक्के भाग काढायचा. मोठ्या वेलीवर चाळीस-पन्नास डोळे राहिले की पुरे. कापलेल्या जागी पाणी गळतं, त्याची काळजी करू नका. पहिली दोन वर्षं घड धरू नका, ओलांडे, म्हणजे वेलीच्या मुख्य आडव्या फांद्या, भक्कम होऊ द्या. शांबोर्सिन झेपत नाही इतका माल धरतं, म्हणून नंतरही घडांची विरळणी कराच.

छाटतानाच वेलीवर सुकून राहिलेले काळे मणी वेचून काढा. ब्लॅक रॉट हा मणी काळे करून सुकवणारा बुरशीचा रोग त्यांतूनच पुन्हा उठतो, आणि इथल्या दमट उन्हाळ्यात भुरीपेक्षा मला त्याची धास्ती जास्त वाटते. खोडावर वाळलेल्या चिखलासारखे डाग दिसले तर खरवडून टाका. ती स्पॉटेड लँटर्नफ्लायची अंडी. ही कीड अमेरिकेत पहिल्यांदा सापडली ती 2014 साली, तुमच्याच राज्यात, बर्क्स काउंटीत.

काढणी मण्याच्या रंगावरून करू नका. रसातली साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्या, 22 ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) आसपास साखर भरली की साधारण 12 टक्के अल्कोहोलची वाईन होते. एका बाटलीला किलोभर द्राक्षं लागतात असं धरा. मणी देठावरून सोडवून चुरडा, वाईनचं यीस्ट घाला आणि वर येणारा सालांचा थर दिवसातून दोनदा खाली दाबा. जोराचा फेस ओसरला की गाळून एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारं, पण हवा आत न घेणारं बूच) लावलेल्या काचेच्या भांड्यात गळ्यापर्यंत भरा; वर हवा राहिली की आंबूस व्हिनेगर होतं. आंबणं पूर्ण थांबल्याशिवाय बाटलीला बूच लावू नका, आतल्या वायूने बाटली फुटते.

कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला 100 गॅलन आणि दोन किंवा अधिक असतील तर 200 गॅलन वाईन घरच्यासाठी कर न भरता करता येते. विकायची मात्र नाही, ओळखीतसुद्धा. आणि सुट्टीत निफाडला गेलात तर हा प्रयोग तिथे करू नका. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी वाईन करणं दारूबंदी कायद्यात बसत नाही.