नागपुरात राहून स्वस्तात ओपन-व्हील रेसिंग (चाकं बॉडीबाहेर उघडी असलेल्या गाड्यांची रेस) करायचं, तर गाड्यांचा कोणता गट निवडावा?

भाऊ, थेट एलजीबी १३०० हा भारतातला रेसिंग गट. स्टीलच्या नळ्यांची फ्रेम, मागे मारुतीचं १३०० सीसी इंजिन. हे इंजिन भारतातल्या मेकॅनिकच्या हातात वर्षानुवर्षं घोळलेलं आहे, त्यामुळे काही बिघडलं तर परदेशातून पार्सल यायची वाट बघत बसावं लागत नाही. फॉर्म्युला ४ इंडिया या दुसऱ्या रेस मालिकेची गाडी दिसायला भारी, पण फ्रेंच मिगाल कंपनीची कार्बन चासी (गाडीचा सांगाडा) आणि टर्बो इंजिन. एकदा भिंतीला घासली की बिल बघून घाम फुटतो.

मात्र खरा खर्च गाडीपेक्षा टायर, प्रवास आणि तोडफोडीचा. विदर्भात रेस ट्रॅक नाही. कोइम्बतूरचा कारी ट्रॅक किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक, म्हणजे हजार किलोमीटरच्या वरची बात. म्हणून गाडी विकत घेऊन घरी ठेवू नका, बाप्पा! पार्किंगमध्ये धूळ खात पडेल. टीमकडून एका वीकेंडसाठी भाड्याने घ्या, आणि नुकसान कोण भरणार ते आधी कागदावर लिहून घ्या. मी तोंडी ठरवलं होतं. पुढच्याच्या मागच्या चाकावर माझं पुढचं चाक चढलं आणि सस्पेन्शनचा एक वाकडा दांडा मला महिन्याच्या पगाराला पडला.

वय पंधराच्या आत असेल तर आधी कार्टिंग, म्हणजे छोट्या गो-कार्ट गाड्यांची रेस. मोठे असाल तर रेसिंग स्कूल करून एफएमएससीआयचं (भारतातल्या मोटरस्पोर्टची संघटना) लायसन्स काढा. आणि हो, हेल्मेट सेकंडहँड घेऊ नका.