समुद्रातली तहान आणि कप्तानावरचा ठपका

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या ‘इंडियानापोलिस’ या अमेरिकी युद्धनौकेवरचा चित्रपट आम्ही घरी पाहिला. शार्क माशांच्या दृश्यांनी मुलगी घाबरली. मला मात्र कप्तानावरच्या खटल्याने रात्रभर झोप आली नाही. आमचे मामंजी म्हणतात की, आपल्या ‘खुकरी’च्या कॅप्टन मुल्लांसारखे त्यांनीही नौकेबरोबरच जायला हवे होते. आपले मत काय?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ ‘खुकरी’ बुडताना कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला नौकेवरच थांबले. त्यांच्याविषयी मामंजींना वाटणारा आदर योग्यच आहे, पण त्या मापाने ‘इंडियानापोलिस’चे कॅप्टन मॅकव्हे यांना मोजणे मला अन्यायाचे वाटते. ३० जुलै १९४५ च्या मध्यरात्रीनंतर जपानी पाणबुडीचे दोन टॉर्पेडो लागले आणि बारा मिनिटांत ‘इंडियानापोलिस’ बुडाली; मॅकव्हे यांना लाटेनेच समुद्रात ओढून नेले.

सुमारे १,१९५ जणांपैकी ९०० च्या आसपास माणसे पाण्यात जिवंत होती, त्यांतली ३१६ वाचली. शार्कचे हल्ले खरे आहेत, परंतु चित्रपट त्यांतच फार रमतो. जखमा, ऊन, थकवा आणि तहान यांनीही कितीतरी माणसे गेली. मे महिन्यातली तहान नागपूरकरांना वेगळी सांगायला नको, पण आपल्या घरात माठ असतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते आणि ते बाहेर टाकायला शरीराला प्यायलेल्या पाण्याहून अधिक पाणी खर्चावे लागते. न राहवून ते पाणी प्यायलेल्यांना भास होऊ लागले. नौका अगदी खालीच आहे, तिथे गोडे पाणी आहे, असे समजून काहींनी बुडी मारली ती कायमचीच.

ही नौका ३१ जुलैला फिलिपिन्समधल्या लेते बेटावर पोहोचायची होती. मात्र युद्धनौका पोहोचल्याचे कळवू नये, या आदेशाचा अर्थ न पोहोचल्याचेही कळवायचे नाही असा लावला गेला, त्यामुळे तिची वाट पाहणारे कोणी उरलेच नाही. २ ऑगस्टला गस्तीच्या विमानाला पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, तोही योगायोगाने.

मॅकव्हे यांनी मागितलेली संरक्षक नौका त्यांना मिळाली नव्हती आणि त्या मार्गावरच्या पाणबुड्यांची ठाऊक असलेली माहितीही दिली गेली नव्हती. तरीही टॉर्पेडो चुकवण्यासाठी नागमोडी मार्गाने नौका नेली नाही, म्हणून त्यांनाच दोषी धरण्यात आले. नौका बुडवणाऱ्या जपानी पाणबुडीचे कप्तान हाशिमोतो यांनी तर त्या खटल्यात साक्ष दिली होती की, नागमोडी गेल्याने काहीही फरक पडला नसता. मृतांच्या नातेवाइकांची दूषणे देणारी पत्रे मॅकव्हे यांना वर्षानुवर्षे येत राहिली, आणि १९६८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. अमेरिकी काँग्रेसने त्यांना निर्दोष मानले ते २००० साली.

त्याच्या आदल्या वर्षी वृद्ध हाशिमोतो यांनी एका अमेरिकी सिनेटरला पत्र लिहून मॅकव्हे यांच्यावरचा ठपका पुसण्याची विनंती केली होती. मामंजींना या पत्राविषयी अवश्य सांगा.