मोबाइलवर बाजारभाव कळू लागल्याने नाशिकच्या कांदा उत्पादकाला खरोखर फायदा होतो का?

होय, होतो, परंतु तो भाव वाढण्यात नसून माल कुठे व कधी न्यायचा हे आधी ठरवता येण्यात आहे. लासलगाव, पिंपळगाव बसवंत आणि उमराणे येथील बाजार समित्यांतले दर एकाच दिवशी वेगवेगळे असू शकतात, आणि लिलावाचे आकडे लगेच मोबाइलवर येत असल्याने चाळीतला (कांदा साठवण्याच्या हवेशीर शेडमधला) उन्हाळ कांदा ट्रॅक्टरमध्ये भरण्यापूर्वीच तुलना करता येते. आमच्या घरचा कांदा आम्ही असाच विकतो. कमाल दराला मात्र भुलू नये, कारण तो एखाद्याच निवडक वाहनाला मिळालेला असतो. सर्वसाधारण दरच, म्हणजे बहुतेक मालाला मिळालेला दर, धरावा. डिसेंबर २०२३ मधील निर्यातबंदीसारख्या निर्णयानंतर सगळ्याच बाजार समित्यांतले भाव एकदम उतरतात, तेव्हा ही माहिती हाताशी असूनही शेतकऱ्याचे नुकसान टळत नाही.