वाचकांचे प्रश्न : दूरच्या पर्वतावर स्कीइंगची सुट्टी

प्रश्न : येत्या हिवाळ्यात आम्ही चौघे स्कीइंगसाठी कोलोरॅडोतील व्हेल किंवा कॅनडातील व्हिस्लर येथे जाण्याचा विचार करीत आहोत. विमानप्रवास दोन टप्प्यांचा आणि लांबचा आहे. रजा एकंदर दहा दिवसांची आहे. मला व माझ्या पतींना स्कीइंग बऱ्यापैकी येते. मात्र चौदा वर्षांच्या मुलाने आणि माझ्या नणंदेने पायाला स्की कधीच लावलेली नाही. दोहोंपैकी कोणते ठिकाण निवडावे आणि तयारी कोठून सुरू करावी?

उत्तर : कोणता पर्वत मोठा, कोठे उतार अधिक, ही तुलना आपण आतापर्यंत केली असेलच, ती तूर्त बाजूला ठेवावी. व्हिस्लर आणि ब्लॅककोम्ब या जोडपर्वतांवर दोनशेहून अधिक उतार आहेत आणि आठवडाभरात ते सगळे पालथे घालणे कसलेल्या माणसालाही जड जाईल. आपल्या सुट्टीचा हिशेब वेगळा आहे : जाण्यायेण्यात तीन दिवस गेले आणि घड्याळाशी झोपेचे सूत जुळण्यात आणखी एक गेला, तर हाती सहाच दिवस उरतात. या सहांपैकी एकही वाया जाणार नाही असे ठिकाण निवडणे, आणि तेही चौघांतील सर्वांत नवख्या माणसाकडे पाहून निवडणे, हे मला महत्त्वाचे वाटते.

म्हणून प्रथम उंची पाहावी. व्हेलचे गाव सुमारे २,५०० मीटरवर वसलेले आहे आणि तेथील लिफ्ट, म्हणजे तारेवरून डोंगरावर नेणारे पाळणे, साडेतीन हजार मीटरच्या आसपास नेऊन सोडतात. इतक्या उंचीवर थेट पोहोचणाऱ्यांपैकी अनेकांना पहिल्या दिवशी डोकेदुखी, मळमळ, उडालेली झोप असा विरळ हवेचा त्रास होतो. बहुतेकांचा तो दोन-तीन दिवसांत ओसरतो, पण आपल्याजवळ सहाच दिवस आहेत. प्रकृती कोणाला साथ देईल हे आधी सांगता येत नाही. उत्तम व्यायाम करणाऱ्यालाही ती दगा देते. व्हेलच ठरले, तर एक रात्र सुमारे १,६०० मीटरवरील डेन्व्हरमध्ये काढावी, पहिले दोन दिवस मद्य टाळावे आणि वर जाण्याची घाई करू नये. व्हिस्लरचे गाव मात्र जेमतेम ६७५ मीटरवर आहे आणि तेथील कोणतीही लिफ्ट २,३०० मीटरच्या वर जात नाही, त्यामुळे ही चिंता जवळपास उरत नाही.

या सखल गावाची किंमत मात्र मोजावी लागते. वर भुरभुरणारा बर्फ पडत असताना खाली गावात पाऊस पडतो, असे ऐन हिवाळ्यातही घडते. त्यामुळे जलरोधक जाकीट खरोखरच जलरोधक असावे आणि हातमोज्यांच्या दोन जोड्या जवळ असाव्यात.

रस्त्याचेही पाहा. व्हँकुव्हर विमानतळावरून व्हिस्लरला बसने साधारण अडीच तासांत पोहोचता येते. स्वतः मोटार चालवणार असाल, तर त्या मार्गावर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत हे ध्यानात ठेवावे. दिवसभराच्या विमानप्रवासानंतर अंधारात घाट चढण्यापेक्षा बसच बरी, असे माझे मत आहे. डेन्व्हरहून व्हेलकडे जाणाऱ्या महामार्गावर शनिवारी सकाळी वर जाणाऱ्यांची आणि रविवारी दुपारनंतर परतणाऱ्यांची कोंडी होते, तेव्हा आगमन आठवड्याच्या मधल्या वारी ठेवावे.

काळ निवडताना नाताळ ते नववर्ष हा पंधरवडा आणि फेब्रुवारीतील तिसऱ्या सोमवारला लागून येणारी सुट्टी टाळावी. तो सोमवार अमेरिकेत आणि व्हिस्लरच्या प्रांतातही सुट्टीचा असतो. जानेवारीत रांगा आखूड असतात, पण दिवस लहान आणि थंडी बोचरी असते. आपल्याबरोबर दोघे नवशिके असल्याने मी मार्चचा पहिला पंधरवडा सुचवेन : साठलेला बर्फ भरपूर, उजेड लांबलेला आणि पडल्या-उठल्यावर अंग गारठत नाही.

पैशांच्या बाबतीत एकच गोष्ट सांगतो. ही दोन्ही ठिकाणे व्हेल रिसॉर्ट्स याच कंपनीची आहेत आणि तिचे मोजक्या दिवसांचे पास हंगामाच्या प्रारंभीच, साधारण डिसेंबर उजाडता उजाडता, विक्रीतून काढले जातात; त्यानंतर खिडकीवर मिळणारे दैनिक तिकीट कितीतरी महाग पडते. विमानाचे तिकीट काढले की लगेच पास आणि स्की शाळेतील जागा निश्चित करावी. नवशिक्या दोघांना सलग तीन दिवस प्रशिक्षकाकडे सोपवावे. नवऱ्याने वा आईने शिकवण्याचा प्रयोग बहुधा भांडणावर संपतो. चौदाव्या वर्षी मुलाला कोणत्या गटात घेतील हे शाळेला आधीच विचारावे. दुपारी सर्वांची गाठ पडण्यास अडचण येत नाही, कारण व्हिस्लरमध्ये दोन पर्वतांना जोडणारी ४.४ किलोमीटर लांबीची गोंडोला, म्हणजे तारेवरून धावणारी बंद डब्यांची सोय, अकरा मिनिटांत पलीकडे पोहोचवते. हे सर्व पाहता मी व्हिस्लरच्या बाजूने कौल देतो.

प्रश्न : साहित्य सोबत न्यावे की तेथे भाड्याने घ्यावे?

उत्तर : स्की भाड्याने घ्याव्यात, बूट स्वतःचे असल्यास न्यावेत आणि जमल्यास विमानात हातातील सामानात ठेवावेत, हरवलेल्या स्कीची सोय तासाभरात होते, पायाला बसलेल्या बुटाची होत नाही. दुकानात बूट पारखताना ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे किंचित टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवताच मागे सरली पाहिजेत. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडताना सोडणारी पकड, लावणाऱ्याला वजन, उंची, वय आणि कौशल्य खरे सांगावे. बढाई मारून वरची श्रेणी सांगितली, तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. स्वतःच्या बुटांचा तळ ग्रिपवॉक प्रकारचा (चालणे सोपे जावे म्हणून किंचित वक्र केलेला) असल्यास तेही सांगावे, कारण प्रत्येक बाइंडिंग त्याला चालत नाही.

प्रश्न : साधा प्रवास विमा पुरेसा आहे का? आखलेल्या उतारांबाहेर जाण्याचाही आमचा मानस आहे.

उत्तर : अनेक साध्या प्रवास विम्यांतून हिवाळी खेळ वगळलेले असतात, म्हणून ते कलम शब्दशः वाचावे. उपचार, बचाव, भाड्याच्या साहित्याची नुकसानी आणि आखलेल्या उतारांबाहेरील अपघात या चारही गोष्टींचा स्वतंत्र उल्लेख असावा. अमेरिकेत रुग्णालयाचा खर्च अफाट असल्याने उपचारांची मर्यादा मोठी घ्यावी. उत्तर अमेरिकेत रिसॉर्टच्या हद्दीतील हिमस्खलनाचा धोका गस्ती पथक आटोक्यात ठेवते, हद्दीच्या फाटकाबाहेर ती हमी नसते. तेथे प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर (बर्फाखालील माणसाचा माग देणारे रेडिओयंत्र), शोधकाठी आणि फावडे असावे, ती वापरण्याचा सराव झालेला असावा आणि सोबत स्थानिक मार्गदर्शक असावा. गाडल्या गेलेल्या माणसाला वाचवण्याची खरी संधी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच असते, म्हणजे ती सोबत्यांच्याच हाती असते. हद्दीच्या आतही झाडांच्या बुंध्याभोवती भुसभुशीत बर्फाचे खोल खड्डे तयार होतात आणि त्यांत डोके खाली होऊन पडलेला माणूस गुदमरतो. ताज्या बर्फानंतर झाडीत शिरायचेच असेल, तर जोडीने, एकमेकांच्या दृष्टीच्या टप्प्यात राहून शिरावे.