तहकूब, संस्थगित, विसर्जित, बरखास्त: चार्ल्सने 1629 साली नेमकं काय केलं?

प्रश्न असा आला आहे: इंग्लंडच्या इतिहासावरच्या मराठी मजकुरात 1629 सालच्या एकाच प्रसंगाबद्दल कुठे 'पहिल्या चार्ल्सने पार्लमेंट तहकूब केली', कुठे 'संस्थगित केली', तर कुठे 'बरखास्त केली' असं वाचायला मिळतं. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात, की यातला एकच बरोबर?

एकमेकांच्या जागी चालत नाहीत. सोसायटीची सभा तहकूब झाली काय किंवा स्थगित झाली काय, बोलण्यात फारसा फरक पडत नाही. संसदीय मराठीत मात्र हे वेगवेगळ्या कृतींचे शब्द आहेत. सतराव्या शतकात इंग्लंडचा राजा आणि पार्लमेंट यांच्यात जे भांडण पेटलं, त्यात यातली कोणती कृती कोणाच्या हातात, हाच मुद्दा फिरून फिरून समोर येतो. शब्द ढिले वापरले की ते भांडणच वाचकाला दिसत नाही, म्हणून मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

'तहकूब' म्हणजे बैठक थांबली, सत्र चालूच आहे. तासाभरासाठी, उद्यापर्यंत किंवा बेमुदत, कशीही तहकुबी असली तरी पुन्हा बसल्यावर काम जिथे थांबलं तिथून पुढे. 'संस्थगित' म्हणजे सत्रच संपलं. सभासद तेच राहतात, पण पुन्हा बोलावणं येईपर्यंत त्यांना बसता येत नाही. आणि इंग्लंडच्या त्या काळच्या रिवाजानुसार अर्धवट राहिलेली सगळी विधेयकं त्यासरशी रद्द होत. 'विसर्जित' म्हणजे ते सभागृहच संपलं, सभासदांची सभासदकी गेली, आता नवी निवडणूक. 'संस्थगित' आणि 'स्थगित' यांत उपसर्गापुरताच फरक दिसतो, म्हणून गोंधळ होतो. आपल्या संविधानाच्या मराठी पाठात कलम 85 मध्ये 'सत्रसमाप्ती' असा शब्द आहे, तो जास्त बोलका आहे. वर्तमानपत्रांनी 'संस्थगित' रुळवला, आणि बातमीच्या मथळ्यात तर 'अधिवेशनाचं सूप वाजलं' हेच अजून चालतं.

आता 1629 चा प्रसंग. त्यामागची पार्श्वभूमी थोडक्यात अशी की टनेज-पाउंडेज नावाची जकात नव्या राजाला त्याच्या पहिल्या पार्लमेंटने हयातभरासाठी मंजूर करायची, असा जुना शिरस्ता होता. 1625 साली कॉमन्सने, म्हणजे पार्लमेंटच्या निवडून आलेल्या सभागृहाने, चार्ल्सला ती फक्त एका वर्षापुरती देऊ केली, तेही विधेयक लॉर्ड्समध्ये, म्हणजे सरदारांच्या सभागृहात, अडकलं, आणि चार्ल्सने मंजुरीविना वसुली चालू ठेवली. 1628 मध्ये हक्कांचा अर्ज पुढे करून पार्लमेंटने त्याच्याकडून काही गोष्टी वदवून घेतल्या, तरी जकातीचा वाद मिटला नाही, आणि धर्माचा त्याहून कडू वाद होताच.

2 मार्च 1629 रोजी कॉमन्स बसलं आणि स्पीकर जॉन फिंच यांनी राजाची आज्ञा सांगितली: सभागृह 10 मार्चपर्यंत तहकूब करा. सभासदांतून 'नाही, नाही' असा ओरडा झाला. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की तहकुबी ही सभागृहाची स्वतःची बाब आहे. राजाने पार्लमेंट बोलवावी, संस्थगित करावी, विसर्जित करावी, तो त्याचा अधिकार त्या दिवशी कोणी नाकारत नव्हतं. पण आज किती वाजता उठायचं आणि पुन्हा कधी बसायचं, हे सभागृह ठरवणार.

फिंच खुर्ची सोडून उठायला लागले तेव्हा डेन्झिल होलिस आणि बेंजामिन व्हॅलेंटाइन या दोन सभासदांनी त्यांना धरून खुर्चीत दाबून बसवलं. स्पीकर उठला की सभा उठली, म्हणून ही धरपकड. आम्हाला उठावंसं वाटेपर्यंत तुम्हाला बसावंच लागेल, असं होलिसने शपथ घेऊन बजावलं. फिंच रडकुंडीला आले. दाराला आतून कुलूप लागलं, आणि राजाचा निरोप घेऊन आलेला ब्लॅक रॉड नावाचा अधिकारी बाहेर दार ठोठावत उभा राहिला. जॉन एलियट या सभासदाने तयार केलेले ठराव स्पीकर मांडायला तयार नव्हते. एलियटने तो कागद आगीत टाकला, तेव्हा होलिसने ते आठवणीतून म्हणून दाखवले: धर्मात नव्या गोष्टी घुसवणारा, पार्लमेंटच्या मंजुरीविना जकात घ्यायचा सल्ला देणारा आणि ती जकात आपखुशीने भरणारा, तिघेही देशाचे शत्रू. सभासदांनी होकाराचा गजर केला.

आणि मग त्यांनी स्वतःच्या मताने सभागृह 10 मार्चपर्यंत तहकूब केलं! तारीख तीच, राजाने सांगितलेली. पण आज्ञेने नव्हे, आपल्या ठरावाने. मला या सगळ्या शतकातला हा सर्वांत अर्थपूर्ण क्षण वाटतो. 'राजाने पार्लमेंट तहकूब केली' असं लिहिणारा लेखक नकळत त्या दिवशी राजाची बाजू घेतो, कारण तेवढं एकच त्या सभासदांनी राजाला करू दिलं नव्हतं.

10 मार्चला राजा स्वतः लॉर्ड्समध्ये आला, कॉमन्समधल्या काहींना विषारी साप म्हणाला, आणि पार्लमेंट विसर्जित केली. पुढची 11 वर्षं त्याने ती बोलावलीच नाही. एलियट 1632 मध्ये लंडनच्या टॉवर या किल्ल्यात कैदेतच वारला. तेव्हा 1629 साठी बरोबर शब्द 'विसर्जित'. 'संस्थगित' त्या पार्लमेंटला लागू होतो तो आदल्या वर्षी, जून 1628 मध्ये, जेव्हा तिचं पहिलं सत्र राजाने संपवलं.

हा फरक त्या माणसांना किती नेमका ठाऊक होता, ते 1641 च्या कायद्यावरून कळतं. स्कॉटलंडशी लढाईचा खर्च भागेना म्हणून चार्ल्सला एप्रिल 1640 मध्ये पार्लमेंट बोलवावी लागली. ती त्याने 3 आठवड्यांत विसर्जित केली आणि नोव्हेंबरात पुन्हा दुसरी बोलवावी लागली. या नव्या पार्लमेंटच्या भरवशावर सैन्यासाठी कर्ज उभं करायचं होतं. उद्या राजाने तिला घरी पाठवलं तर फेडणार कोण, ही सावकारांची भीती रास्त होती. म्हणून मे 1641 मध्ये कायदा झाला: ही पार्लमेंट तिच्याच कायद्याशिवाय विसर्जित होणार नाही, संस्थगित होणार नाही, आणि दोन्ही सभागृहांची तहकुबी फक्त त्यांच्या त्यांच्या हुकमाने होईल. तीन कृती वेगवेगळ्या मोजून लिहिल्या आहेत, आणि तिसरीत 1629 चा तो दिवस सरळ कायद्यात आला आहे. चार्ल्सने याला संमती दिली त्याच दिवशी त्याने आपला मंत्री स्ट्रॅफर्ड याच्या देहान्ताच्या विधेयकालाही संमती दिली.

'बरखास्त' या शब्दाला मात्र मी एक निराळी जागा सुचवतो. फारसीत त्याचा मूळ अर्थ 'उठणे'. दरबार बरखास्त झाला म्हणजे दरबार उठला, एवढंच. आजच्या मराठीत तो अर्थ मागे पडला आणि त्यात वरून हुकूम सोडून मोडून टाकण्याची छटा आली: समिती बरखास्त, सरकार बरखास्त. म्हणून राजाच्या कायदेशीर कृतीला 'विसर्जित' म्हणावं, आणि 'बरखास्त' राखून ठेवावा 20 एप्रिल 1653 साठी. त्या दिवशी राजाविरुद्धच्या यादवीत पुढे आलेला सेनापती क्रॉमवेल याने बंदूकधारी शिपाई सभागृहात आणून उरलेल्या सभासदांना बाहेर काढलं. कायद्याने ते विसर्जन नव्हतंच, कारण 1641 चा कायदा उभा होता. त्या सभासदांनीही ते कधी मानलं नाही. 1659 मध्ये ते पुन्हा येऊन बसले, आणि मार्च 1660 मध्ये त्या पार्लमेंटने स्वतःच स्वतःच्या विसर्जनाचा कायदा केला. राजाचं डोकं उडालं, क्रॉमवेल आला आणि गेला, तरी कागदोपत्री पार्लमेंट तीच, 1640 चीच.

पहिल्या चार्ल्सचा मुलगा दुसरा चार्ल्स पुढे राजा झाला; त्याचं हत्यार होतं संस्थगिती. त्याला 1661 साली मनासारखी पार्लमेंट मिळाली होती, म्हणून त्याने ती जवळजवळ 18 वर्षं विसर्जितच केली नाही. नको ते विधेयक येताना दिसलं की सत्र संपवायचं. नोव्हेंबर 1675 मध्ये त्याने ती तब्बल 15 महिन्यांसाठी संस्थगित केली. फेब्रुवारी 1677 मध्ये ती पुन्हा बसली तेव्हा शाफ्ट्सबरी आणि बकिंगहॅम या सरदारांनी वाद घातला की दरवर्षी पार्लमेंट भरावी असे तिसऱ्या एडवर्डच्या काळातले कायदे आहेत. वर्षाहून लांबलेली संस्थगिती बेकायदा, म्हणजे ही पार्लमेंट आपोआप विसर्जित झाली आहे. आणखी दोन सरदारांसह त्यांची टॉवरमध्ये रवानगी झाली; शाफ्ट्सबरी वर्षभर आत होता. एका शब्दाची हद्द कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते, यावरून चार सरदार तुरुंगात गेले. दुसऱ्या जेम्सने पुढे हेच केलं: नोव्हेंबर 1685 मध्ये संस्थगित केलेली पार्लमेंट पुन्हा बसू न देता 1687 मध्ये विसर्जित केली. 1689 च्या हक्कांच्या विधेयकात पार्लमेंट वरचेवर भरली पाहिजे हे वाक्य आलं, ते याच अनुभवातून.

हा फरक जुनापुराणा झालेला नाही. सप्टेंबर 2019 मध्ये ब्रेक्झिटच्या वादात ब्रिटिश पार्लमेंट 5 आठवड्यांसाठी संस्थगित झाली. 24 सप्टेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायाधीशांनी एकमताने ते बेकायदा आणि मुळातच निरर्थक ठरवलं. मग कॉमन्सच्या कामकाजाच्या नोंदवहीतून संस्थगितीची नोंद काढून टाकण्यात आली आणि त्या दिवशी सभागृह तहकूब झालं असं लिहिण्यात आलं. काही मराठी बातम्यांत या प्रकरणाला 'संसद बरखास्त' म्हटलं जात होतं. तसं असतं तर निवडणूकच झाली असती.

आपल्याकडे तहकुबी सभागृहाच्या अध्यक्षांच्या हातात, संस्थगिती आणि विसर्जन राष्ट्रपतींच्या किंवा राज्यपालांच्या. ही विभागणी त्याच परंपरेतून आली आहे. एक फरक लक्षात ठेवावा: सत्र संपलं म्हणून आपल्याकडे विधेयक रद्द होत नाही, संविधानातच तसं म्हटलं आहे. त्यामुळे दुसऱ्या चार्ल्सच्या संस्थगितीची धार मराठी वाचकाला आपोआप कळणार नाही. लिहिताना अर्ध्या वाक्यात ती सांगावी. राज्यसभा आणि विधान परिषद यांचं विसर्जन होत नाही, त्यांच्यासाठी हा शब्द वापरू नये.

शेवटी 'भंग'. हिंदीच्या प्रभावाने 'संसद भंग केली' असंही अलीकडे मराठीत दिसतं. मला ते टाळावंसं वाटतं, कारण संसदीय मराठीत 'भंग' आधीच दुसऱ्या कामाला जुंपलेला आहे: हक्कभंग. 4 जानेवारी 1642 रोजी पहिला चार्ल्स शिपायांना दाराशी ठेवून कॉमन्सच्या सभागृहात शिरला आणि स्पीकरच्या खुर्चीचा ताबा घेऊन पाच सभासदांना शोधू लागला. त्यात 1629 चा होलिसही होता. पाचही जण आधीच निसटले होते. दुसऱ्या दिवशी कॉमन्सने ठराव केला तो याच शब्दाचा, हक्कभंगाचा, आणि सभागृह 11 जानेवारीपर्यंत तहकूब केलं, राजाला न विचारता.