डिसेंबरात एकच रात्र मागायची असेल तर ५ तारखेची माग

नाशिकच्या हॉटेलात टेबलं सांभाळतोस, होणारी बायको डच आहे, आणि लग्नानंतर नेदरलँड्समध्ये हेगला येऊन सुरुवातीला हेच काम करायचा बेत आहे. तिच्या घरी डिसेंबरचं फार मोठं प्रस्थ, म्हणून तू विचारलंस की नाताळात रजा मिळेल का, सणाच्या दिवशी दुप्पट पगार असतो का, आणि नोव्हेंबरात यावं की मार्चमध्ये. मी हेगमध्येच सर्व्हिसला आहे आणि माझं सासरही डच, तेव्हा सगळं नीट सांगते. जरा लांबेल.

आधी नाताळ. २५ आणि २६ डिसेंबर हे दोन्ही दिवस इथे सार्वजनिक सुट्टीचे. पण सार्वजनिक सुट्टी आहे म्हणून कामगाराला सुट्टी मिळालीच पाहिजे, असा कायदा इथे नाही. ते तुझ्या करारावर आणि हॉटेल-रेस्टॉरंट क्षेत्राच्या सामूहिक करारावर ठरतं. दुप्पट पगाराचंही तसंच. सणाला काम केल्याबद्दल बदली सुट्टी किंवा जादा पैसे अशी तरतूद करारात असते, पण मालक तोंडी काय म्हणाला यावर जाऊ नकोस, सही करण्याआधी ते कलम वाचून घे. आणखी एक, ५, २४ आणि ३१ डिसेंबर या तारखा कितीही सणाच्या वाटल्या तरी सरकारी सुट्ट्या नाहीत. त्या रात्री साधाच पगार. किमान वेतन जुलै २०२५ मध्ये ताशी १४.४० युरो होतं, २१ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी. दर जानेवारीत आणि जुलैत ते बदलतं. फोय, म्हणजे टिप, बहुतेक ठिकाणी एकत्र जमा होते आणि किचनसकट सगळ्यांत वाटली जाते. डिसेंबरात ती बरी असते, पण तिच्यावर घरभाड्याचं गणित बसवू नकोस. इथे सर्व्हिसचे पैसे पदार्थाच्या किमतीतच धरलेले असतात, लोक वर थोडंफार गोल करून देतात, इतकंच.

२५ तारखेला रेस्टॉरंटमध्ये काय चालतं ते सांगते, म्हणजे रजा का मिळत नाही ते कळेल. मेनू ठरलेला, बुकिंग कित्येक आठवडे आधी भरलेलं, आणि आमच्याकडे एका संध्याकाळी दोन पंगती: पहिली पाचला, दुसरी आठला. पहिल्या पंगतीत आजी-आजोबा आणि लहान मुलं, दुसरीत जोडपी आणि मित्रमंडळी. खरी परीक्षा साडेसात ते आठ या अर्ध्या तासाची. आजीबाईंची कॉफी अजून निम्मी आहे, नातू टेबलाखाली झोपलाय, मुलगा बिल मागायचं विसरलाय, आणि दाराशी पुढची मंडळी कोट काढून उभी. कुणालाही उठवलं जातंय असं न वाटता उठवायचं. मी कॉफीबरोबरच चॉकलेटची बशी ठेवते आणि कोट आणून देऊ का म्हणून विचारते. पाच मिनिटांत टेबल मोकळं होतं. मग कापड बदल, मेणबत्त्या नव्या, ग्लास पुसून जागेवर, कुणाला नट्सची अ‍ॅलर्जी आहे त्याची चिठ्ठी पुन्हा एकदा बघ. लग्नाच्या बँक्वेटची सवय असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. फक्त तिथे वाढायला माणसं चाळीस असतात, इथे तू आणि आणखी दोघं.

हेगमध्ये इंग्रजीवर नोकरी मिळते, खोटं नाही. पण नाताळात जेवायला येणारे आजोबा इंग्रजीत ऑर्डर देत नाहीत, त्यामुळे डच येणाऱ्यांना चांगली टेबलं मिळतात. बायको डच असल्यामुळे तुला येण्याआधीच वकिलातीत एकात्मतेची प्राथमिक परीक्षा, म्हणजे डच भाषा आणि इथल्या समाजाची ओळख तपासणारी, द्यावी लागेल. ती अगदी सोप्या पातळीची असते, पण ती पास झालास म्हणून थांबू नकोस. जाताजाता हेही सांगते, कारण नाशिकचे तुझे मित्र मागोमाग विचारतील: वेटरच्या नोकरीवर भारतातून थेट परवाना मिळणं जवळपास अशक्य आहे. तू जोडीदार म्हणून येतोयस, तुझ्या निवास परवान्याच्या कार्डावर कामाची पूर्ण मुभा लिहिलेली असेल. शिकायला येणाऱ्याला वर्षभर आठवड्याला १६ तास किंवा त्याऐवजी जून ते ऑगस्ट पूर्णवेळ काम करता येतं, तेही मालकाने परवाना काढला तर. कुणी एजंट याहून वेगळं सांगून लाखभर रुपये मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आता शीर्षकात लिहिलेल्या ५ तारखेकडे येते. आपल्याला बाहेरून वाटतं की युरोपात सगळं नाताळभोवती फिरतं. डच घरात, विशेषतः जिथे लहान मुलं आहेत किंवा परंपरा जपणारी मोठी मंडळी आहेत तिथे, जीव असतो तो सिंटरक्लासच्या रात्री. हा लाल झगा घातलेला, पांढऱ्या दाढीचा बिशप नोव्हेंबरच्या मध्यात स्पेनहून आगबोटीने येतो. मुलं शेगडीपाशी जोडा ठेवतात, त्यात त्याच्या घोड्यासाठी गाजर. सकाळी गाजर गायब आणि जागेवर मुलाच्या नावाच्या पहिल्या अक्षराचं चॉकलेट. ५ डिसेंबरच्या संध्याकाळी भेटवस्तूंचं पोतं दाराशी येतं. मोठ्यांच्या घरात आधी चिठ्ठ्या काढून कोण कुणाला देणार ते ठरतं, आणि मग प्रत्येकाने दोन कामं करायची: भेटवस्तू एखाद्या विचित्र पुठ्ठ्याच्या कलाकृतीत लपवायची आणि सोबत यमक जुळवून कविता लिहायची. कविता गोड नसते. ज्याला भेट मिळते त्याची वर्षभरातली सगळी खोड त्यात काढलेली असते, आणि त्यानेच ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. खाली सही सिंटची, म्हणून रागवायचं कुणावर? माझ्या सासऱ्यांनी एकदा मला पुठ्ठ्याचा भलामोठा ट्रे करून दिला होता, वर चिकटवलेले कागदी कप, त्यातल्या एकात थंडगार खिमट आणि त्या खिमटात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कानातले. कवितेत लिहिलं होतं की ही सून घरातही सगळ्यांची ताटं जेवण संपायच्या आत उचलते. खोटं काय त्यात!

तेव्हा माझा सल्ला हा: बायकोच्या घरी तुझी जागा पक्की व्हायची असेल तर ती ५ तारखेच्या रात्री होईल. २५ तारखेला तू नसलास तर ते समजून घेतील, कारण कुणीतरी काम करतंच. ५ तारखेला नसलास तर तुझी कविता कुणी वाचायची? आणि धंद्याच्या बाजूनेही हे सोयीचं. कुटुंबं त्या रात्री घरी असतात, रेस्टॉरंटमध्ये त्यामानाने शुकशुकाट, आणि बाकीच्या वेटरांची रजेसाठी झुंबड २४, २५ आणि ३१ ला असते. म्हणजे तुला हवी असलेली रात्र मिळण्याची शक्यता जास्त. सप्टेंबरातच लेखी अर्ज कर, तोंडी नको. लेखी अर्जाला मालकाने दोन आठवड्यांत कारण देऊन नकार कळवला नाही, तर रजा तू मागितली तशी ठरली असं कायदा मानतो. हे मालकाच्या तोंडावर फेकायचं नाही, आपल्याला माहीत असू द्यायचं.

सिंटरक्लासच्या बरोबर येणाऱ्या पीटबद्दलही थोडं. चेहऱ्याला काळा रंग फासलेला त्याचा मदतनीस हा इथे वर्षानुवर्षं मोठ्या भांडणाचा विषय होता. २०१९ पासून राष्ट्रीय स्वागताच्या मिरवणुकीत त्याच्या गालांवर फक्त काजळीचे फराटे असतात. पहिल्या वर्षी जेवणाच्या टेबलावर हा विषय तू काढू नकोस. कुणी विचारलंच तर जे वाटतं ते सांग, डच माणसाला सरळ बोललेलं चालतं.

नाताळचे दोन दिवस कुटुंबं वाटून घेतात, एक दिवस तिचे आईवडील, दुसरा दिवस त्याचे. सगळ्यांच्या डायऱ्या ऑक्टोबरातच उघडतात, त्यामुळे तुझं रोस्टर येईपर्यंत थांबू नकोस. आमच्याकडे मी २७ तारीख मागून घेतली. २७ ला इथले लोक गमतीने ‘तिसरा नाताळ’ म्हणतात, आणि सर्व्हिसमधल्या माणसाचा नाताळ तोच. त्या दिवशी आम्ही गुरमेटन करतो. टेबलाच्या मधोमध विजेची छोटी शेगडी, प्रत्येकाच्या हातात तळहाताएवढं पॅन, कच्च्या मांसाचे पातळ काप, मशरूम, कांदा, सॉस. ज्याचं त्याने भाजायचं. मी पनीर मॅरिनेट करून नेते, ते सगळ्यांत आधी संपतं. दोन दिवस पडद्यांना वास येतो. पण कुणी कुणाला वाढत नाही, आणि दोन रात्री शंभर ताटं वाहिल्यावर यापेक्षा चांगलं जेवण मला सुचत नाही. २५ ला रात्री उशिरा सुटून २६ ला सकाळी ब्रंचच्या पाळीला बोलावलं तर तास मोज: दोन पाळ्यांमध्ये ११ तासांची विश्रांती हा नियम आहे, आठवड्यातून एकदाच ती ८ तासांवर आणता येते.

३१ डिसेंबरला रस्तोरस्ती ओलीबोलेनच्या गाड्या. यीस्ट घातलेल्या पिठाचे, बेदाण्यांचे तळलेले गोळे, वर पिठीसाखर. आपल्या गुलगुल्यांचे धिप्पाड भाऊच. त्या रात्री जायचं-यायचं कसं ते आधी ठरव. रेल्वेगाड्या रात्री आठच्या सुमाराला बंद होतात, ट्राम-बसही नेहमीपेक्षा लवकर थांबतात. सायकल हाच उपाय, पण फटाके इतके असतात की मी सरळ साडेबारापर्यंत आत थांबते. सामान्य माणसाने फटाके उडवण्यावर बंदी आणणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये मंजूर केला आहे, पाहू किती उतरतो रस्त्यावर. आणि १ जानेवारीला दुपारी बारा वाजता हेगच्याच स्खेवेनिंगेनच्या किनाऱ्यावर हजारो माणसं नारिंगी टोप्या घालून उत्तर समुद्रात उड्या मारतात. तुझे मेहुणे तुला ओढतील. मी सूप देणाऱ्यांच्या बाजूला असते आणि तिथेच बरी आहे.

राहिला कधी यायचं हा प्रश्न. मार्चमध्ये ये. नोव्हेंबरात आलास तर महापालिकेत नोंदणी, नागरी सेवा क्रमांक (आपल्या आधारसारखा), बँक खातं यातच डिसेंबर निघून जाईल, आणि हाती काम येईल तेव्हा जानेवारी उजाडलेला असेल. जानेवारी म्हणजे आमच्या धंद्यातला मेलेला महिना. लोकांचे पैसे संपलेले, अर्धे जण दारू सोडून बसलेले, दिवस इतका लहान की पावणेनऊला उजाडतं नि पाचच्या आधी अंधार. तासांची हमी नसलेल्या करारावर असलास तर आठवड्याला दोन पाळ्यांवर येशील. डिसेंबरातली जादा कमाई मी त्याच महिन्यासाठी बाजूला ठेवते. एकच चांगलं, संक्रांतीला रजा मागावी लागत नाही.

उलट एप्रिलपासून कॅफेंच्या बाहेरची टेबलं लागतात, तेव्हा सगळीकडे माणसं हवी असतात आणि नवख्याला शिकवायला वेळही असतो. सप्टेंबरपर्यंत मेनू तोंडपाठ, थोडं डच आलेलं, आणि मॅनेजरला तुझं नाव माहीत, म्हणजे ५ तारखेचा अर्ज वजनदार. पगारावर मे-जूनच्या सुमाराला ८ टक्के सुट्टीभत्ता मिळतो, तोही करारात स्वतंत्र दाखवलाय की ताशी दरातच घुसवलाय ते बघ. दोन ठिकाणी काम करणार असशील तर करसवलतीच्या फॉर्मवर एकाच मालकाकडे ‘हो’ लिही, दुसरीकडे ‘नाही’, नाहीतर पुढच्या वर्षी कर खात्याचं निळं पाकीट येतं. करार हातात आला की सणांचं कलम आणि तासांचं कलम, या दोन पानांचे फोटो मला पाठव. सही त्यानंतर.